घरच्या घरी गाडीचे फायबर पार्ट : साचा कसा बनवायचा आणि रेझिन कोणते वापरायचे?



जुन्या गाडीचा एखादा प्लास्टिकचा पार्ट तुटतो, आपण दुकानांच्या चकरा मारतो, आणि शेवटी उत्तर मिळतं, "साहेब, हा माल आता येत नाही." माझ्या जुन्या हॅचबॅकच्या डाव्या आरशाच्या कव्हरचं असंच झालं. ते कव्हर मी शेवटी घराच्या गच्चीवर स्वतः बनवलं. त्याआधी दोन वस्तू मात्र पार वाया घालवल्या. या लेखात साचा कसा बनतो, रेझिनचे प्रकार कोणते आणि वरचं चकचकीत कोटिंग कसं करायचं हे पाहू. सुरुवात माझ्या चुकांपासूनच करतो, कारण अर्धी माहिती त्यातच आहे.

आधी काय चुकलं?

मला डॅशबोर्डवर जादा मीटर बसवण्यासाठी छोटं घर बनवायचं होतं. थर्माकोल कोरून आकार केला, वर फायबरची मॅट ठेवली आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं साधं रेझिन ब्रशने लावलं. पाच मिनिटांत थर्माकोल बर्फासारखा विरघळायला लागला! दुकानात मिळणारं साधं रेझिन म्हणजे पॉलिएस्टर. त्यात स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोलला खातं.

मग इपॉक्सी रेझिन आणलं. ते थर्माकोलला काही करत नाही. घर सुंदर झालं, काळं रंगवलं, गाडीत बसवलं. एप्रिलमध्ये अकोल्याला गेलो, गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. परत येऊन पाहतो तर मीटरचं घर पुढे मान टाकून वाकलेलं. खोलीच्या तापमानाला सुकलेलं साधं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. बंद गाडीत काचेखालचा काळा डॅशबोर्ड उन्हाळ्यात ७० च्या वर सहज जातो. म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हता, निवडीचा होता. पार्ट कुठे बसणार हे आधी ठरवायचं, रेझिन त्यानंतर.

फायबर म्हणजे नक्की काय?

गॅरेजवाले ज्याला "फायबर" म्हणतात ते म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन. मॅट ताकद देते, रेझिन तिला आकारात धरून ठेवतं. यात नवीन काही नाही. अमेरिकेत १९५३ साली शेवरले कॉर्व्हेटची बॉडी फायबरची होती, आणि आपल्याकडे १९८० च्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन ही छोटी गाडी फायबर बॉडीचीच होती.

घरगुती कामासाठी दोनच रेझिन लक्षात ठेवा. पॉलिएस्टर स्वस्त असतं, लवकर सुकतं, वास भयंकर येतो आणि सुकताना थोडं आकसतं. इपॉक्सी महाग पण मजबूत असतं आणि जवळजवळ आकसत नाही. दोघांची सुकण्याची पद्धतही वेगळी आहे. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर म्हणून थोडंसं रसायन टाकतात, वजनाच्या १ ते २ टक्के, आणि हवामानाप्रमाणे ते थोडं कमी-जास्त करता येतं. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनचाच दुसरा अर्धा भाग असतो. डब्यावर १०० ला ३० लिहिलं असेल तर ३०च. "लवकर सुकावं म्हणून जरा जास्त टाकतो" असं केलं की ते कायमचं चिकट राहतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची जी सर्वसाधारण मॅट मिळते, तिचे धागे एका बाइंडरने चिकटवलेले असतात. तो बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळतो म्हणून मॅट मऊ होऊन वळणावर बसते. इपॉक्सीत तो नीट विरघळत नाही, मॅट ताठ राहते. त्यामुळे इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्या.

जांभळी बाटली आणि पांढरी बाटली

हा भाग कृपया उडी मारून पुढे जाऊ नका.

पॉलिएस्टर रेझिनबरोबर दुकानदार बऱ्याचदा दोन बाटल्या देतो. एकात जांभळं कोबाल्ट (याला अॅक्सिलरेटर म्हणतात), दुसऱ्यात पाण्यासारखा दिसणारा हार्डनर, म्हणजे एमईकेपी. मला या दोन्ही एकाच पिशवीत, एकमेकींना टेकवून दिल्या होत्या. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांत मिसळले तर जोरात पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. म्हणून आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळायचं, रंग एकसारखा झाला की मगच एमईकेपी. दोन्हीसाठी वेगळा चमचा, वेगळी सिरिंज, ठेवायची जागाही वेगळी. विकत घेतानाच विचारा, "यात कोबाल्ट टाकलेलं आहे का?" काही रेझिन आधीच मिसळून येतं, मग वेगळ्या बाटलीची गरजच नाही.

एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. साधा चष्मा चालत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. चुकून गेलंच तर त्याच क्षणी नळाखाली डोळा धरा, किमान १५ मिनिटं, आणि तसेच दवाखान्यात जा. नायट्राइलचे हातमोजे आणि गॅस-वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क वापरा. कापडी मास्क स्टायरीनला अडवत नाही. काम गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात करा, आणि घरात लहान मूल असेल तर गॅलरीतही नको.

साचा कसा बनवायचा?

ज्याच्यावरून साचा घेतात त्या मूळ वस्तूला प्लग म्हणतात. मी पहिल्यांदा उजव्या आरशाचं चांगलं कव्हर काढून त्यावरून साचा घ्यायला निघालो होतो. बायकोने विचारलं, "अहो, पण तुटलंय ते डावं ना?" उजव्यावरून घेतलेल्या साच्यातून उजवंच निघणार! मग डाव्याचे तुकडे आतून चिकटवले, फटी पुट्टीने भरल्या, प्रायमर मारला आणि वॉटर पेपरने घासत बसलो. ४०० पासून २००० नंबरपर्यंत, दोन संध्याकाळी. इथे घाई करू नका. प्लगवरचा केसाएवढा ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक पार्टवर येतो. सगळ्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ माझा इथेच गेला, आणि तो योग्यच होता.

आता मोदकाचा साचा आठवा. तो उघडतो म्हणून मोदक बाहेर येतो, आणि आत तूप लावलेलं असतं म्हणून चिकटत नाही. इथेही तेच दोन नियम आहेत. आरशाच्या कव्हरची कड आत वळलेली होती, एका तुकड्याचा साचा केला असता तर कव्हर आतच अडकलं असतं. म्हणून साचा दोन भागांत करायचा. प्लगच्या मधोमध गुळगुळीत प्लास्टिक शीटची उभी भिंत लावायची, फट मुलांच्या क्लेने बुजवायची, एक बाजू बनवायची. ती सुकली की भिंत काढून दुसरी बाजू. दोन्हींच्या कडांना साधारण ३ सेंटिमीटरची पट्टी बाहेर ठेवा, तिथे नट-बोल्ट बसतात.

तुपाच्या जागी वॅक्स. नव्या प्लगला पाच-सहा हात द्यावेत, प्रत्येक हात सुकवून, मऊ कापडाने चमकवून. वर पीव्हीएचा पातळ थर. हे पाण्यात विरघळणारं द्रव्य आहे, सुकलं की पारदर्शक पापुद्रा होतो. दुसरी बाजू बनवण्याआधी पहिल्या बाजूच्या पट्टीलाही वॅक्स आणि पीव्हीए लावायला विसरू नका, नाहीतर दोन्ही भाग एकजीव होतील.

मग जेलकोट, म्हणजे साच्याची आतली गुळगुळीत कातडी. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. बोट लावल्यावर चिकटतं पण बोटाला लागत नाही, या अवस्थेला आला की मॅट सुरू करा. जेलकोट पातळ राहिला किंवा अर्धवट सुकला तर पुढच्या रेझिनमधलं स्टायरीन त्याला फुगवतं आणि मगरीच्या पाठीसारख्या सुरकुत्या येतात. त्यावर उपाय नाही, पुन्हा पहिल्यापासून.

मॅटचा हिशोब असा. ४५० ग्रॅमची मॅट म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम. कव्हरला एका थरासाठी ०.१ चौरस मीटर लागली, म्हणजे ४५ ग्रॅम मॅट. रेझिन तिच्या साधारण सव्वादोन पट, म्हणजे १०० ग्रॅम. त्यात दीड टक्का हार्डनर, दीड ग्रॅम, म्हणजे सुई नसलेल्या सिरिंजने सव्वा-दीड मिली. अंदाजपंचे बुचाने ओतायचं नाही. उन्हाळ्यात १ टक्का पुरतो, त्याखाली मात्र जाऊ नका, कारण मग ते कधीच पूर्ण कडक होत नाही. पहिला थर पातळ मॅटचा, ब्रशने टोचत-टोचत बुडबुडे काढून. एका दमात सगळे थर चढवू नका. रेझिन सुकताना तापतं, जाड थर जास्त तापतो आणि साचा वाकतो. माझ्या साच्याची जाडी ४ ते ५ मिमी झाली, पार्टच्या जवळजवळ दुप्पट.

साचा निदान एक पूर्ण दिवस तरी प्लगवरच राहू द्या. सोडवताना स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची पाचर आणि कडेने पाणी. पीव्हीए विरघळतं आणि "टक" असा आवाज येतो. तो आवाज ऐकायला फार बरं वाटतं.

साच्यातून पार्ट काढायची पद्धत तीच आहे: वॅक्स, पीव्हीए, जेलकोट, दोन-तीन थर मॅट. कव्हरच्या क्लिपा मात्र साच्यातून येत नाहीत. मी जुन्या कव्हरच्या क्लिपा कापून इपॉक्सीने आत चिकटवल्या.

कार्बन फायबरचा लूक कसा येतो?

इथे साचा लागत नाही. असलेल्याच पार्टवर कापड चढवायचं. पार्ट खरबरीत घासा, काळं रंगद्रव्य घातलेलं इपॉक्सी पातळ लावा, ते चिकट झालं की कार्बन कापड बसवा. वर पारदर्शक इपॉक्सीचे दोन-तीन हात. पेल्यात जास्त इपॉक्सी कालवून ठेवू नका, ते स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडायला लागतं. पसरट ताटलीत ओता.

पावसाळ्यात सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो घासू नका, आधी कोमट पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग पॉलिश पेपर. शेवटी गाडीच्या रंगाचा टू-के क्लिअर कोट हवाच, कारण इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं.

डॅशबोर्ड किंवा बॉनेटसाठी हे करायचं असेल तर जास्त तापमान सोसणारं इपॉक्सी मागा आणि डब्यावर सांगितल्याप्रमाणे नंतर हळूहळू गरम करून पक्कं करा. स्वयंपाकाचा ओव्हन त्यासाठी वापरू नका.

कोणते पार्ट घरी बनवू नयेत?

स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सीटचे आधार, चाकं यांना हातही लावू नका. एअरबॅगच्या झाकणावर कार्बन चढवणारे व्हिडिओ मी पाहिले आहेत. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटण्यासाठी बनवलेलं असतं. वर कडक कवच बसलं तर एअरबॅग नीट उघडणार नाही, किंवा कवचाचे तुकडे तोंडावर येतील. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. आरशाच्या कव्हरचा प्रश्न नाही, पण बॉडीच बदलायची असेल तर आधी आरटीओत विचारा.

काम संपल्यावर उरलेलं कालवलेलं रेझिन लगेच कचऱ्यात टाकू नका. ते उघड्यावर, सिमेंटच्या जमिनीवर पूर्ण कडक आणि थंड होऊ द्या. रेझिन-हार्डनर पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका, त्या पसरून वाळवा. साचा पुसून, दोन्ही भाग बोल्टने जोडून सावलीत ठेवा. माझा माळ्यावर आहे. मागच्या महिन्यात एका मित्राच्या त्याच मॉडेलच्या गाडीसाठी त्यातून दुसरं कव्हर काढलं, आणि ते पहिल्यापेक्षा चांगलं आलं.