मुकुटाचे वारस

मनुष्य निवर्तला की त्याची चीजवस्तू वारसांकडे जाते. परंतु एखादे राज्यच निवर्तले, तर त्याचा वारस कोण? जर्मनीत हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. १९१८ साली महायुद्धातील पराभवानंतर तेथील सम्राट, राजे, ड्यूक आणि संस्थानिक सिंहासनावरून पायउतार झाले. १९१९ च्या राज्यघटनेने उमरावांचे विशेषाधिकार रद्द केले. जुन्या पदव्या केवळ नावाचा भाग म्हणून उरल्या. सिंहासने गेली, मात्र सिंहासनाचा मोह गेला नाही. इतिहासातील एखाद्या लुप्त राज्याचे नाव घ्यावे, स्वतःला त्याचा वारस म्हणवावे, झेंडा, नाणी आणि ओळखपत्रे काढावीत, अशी स्वघोषित चिमुकली राष्ट्रे आजही उभी राहतात. जगातील कोणतेही सरकार त्यांना मान्यता देत नाही.

यांपैकी पुष्कळशी केवळ हौसेची असतात व त्यांच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. सर्वच मात्र तशी नसतात. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये विटेनबर्ग येथे, एका जुन्या रुग्णालयाच्या आवारात, ‘जर्मनीचे राज्य’ स्थापन झाल्याची घोषणा झाली. पूर्वी स्वयंपाकी आणि कराटेशिक्षक असलेला एक गृहस्थ ‘पीटर पहिला’ म्हणून राजा झाला. त्याने स्वतःचे चलन काढले, वाहन-परवाने दिले. एवढेच नव्हे, तर शासनाची अनुमती नसताना बँकेचा आणि विम्याचा व्यवहारही मांडला. अनुयायांची संख्या सुमारे ६,००० असल्याचे ही मंडळी सांगत. अखेर १३ मे २०२५ रोजी जर्मनीच्या गृहखात्याने या संघटनेवर बंदी घातली आणि ‘राजा’ला अटक झाली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असे म्हणून आपण हसू. पण अशा पेढीत साधी माणसे कष्टाचा पैसा ठेवतात, तेव्हा हसू मावळते.

विटेनबर्ग हे नाव आपल्याला मार्टिन ल्यूथरमुळे परिचित आहे. परंतु वारसाहक्काचा वाद या गावाला त्याहूनही जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस सॅक्सनीचे जुने ड्यूकराज्य एकाच घराण्याच्या दोन शाखांत विभागले गेले. एक शाखा विटेनबर्गला राहिली, दुसरी उत्तरेस एल्ब नदीकाठी लाउएनबुर्गला. सम्राट निवडण्याच्या मतावर दोघांनीही हक्क सांगितला. १३५६ साली सम्राट चौथा चार्ल्स याने ‘सुवर्णमुद्रांकित सनद’ काढून तो मान विटेनबर्गला दिला. लाउएनबुर्गकर पुढेही कुरकुरत राहिले. पण त्यांच्या पदरी लहानसा मुलूख आणि मोठी पदवी एवढेच उरले.

१६८९ साली लाउएनबुर्गचा ड्यूक युलिउस फ्रान्झ मरण पावला. त्याला मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. घरचा धनी जाताच दारात दावेदारांची रीघ लागावी, तसेच झाले. आनहाल्टच्या भाऊबंदांनी हक्क सांगितला, सॅक्सनीने सांगितला, इतरांनीही सांगितला. शेजारच्या त्सेलेचा ड्यूक गेओर्ग विल्हेल्म याने मात्र कागद पुढे करत बसण्याऐवजी सैन्य पाठविले व मुलूख घेतला. त्याने राट्झेबुर्ग शहराची तटबंदी वाढविली, हे डेन्मार्कच्या राजाला खपले नाही. १६९३ साली डॅनिश तोफांनी ते शहर उद्ध्वस्त केले. वारसा कोणाचा, हा वाद राजांचा होता. घरे जळाली ती राट्झेबुर्गच्या रहिवाशांची.

पुढे ही पदवी हातोहात फिरली. १८१५ च्या वाटाघाटींत हा प्रदेश डेन्मार्ककडे गेला. १८६५ साली प्रशियाने ऑस्ट्रियाला पैसे मोजून तो घेतला. १८७६ साली तो प्रशियात विलीन झाला. १८९० मध्ये पदच्युत झालेल्या बिस्मार्कला ‘लाउएनबुर्गचा ड्यूक’ ही पदवी बहाल करण्यात आली, पण तिच्यासोबत राज्य नव्हते आणि बिस्मार्कला तिचे काही अप्रूपही नव्हते. आज तेथे ड्यूक नाही. परंतु जिल्ह्याचे अधिकृत नाव ‘हेरत्सोगटूम लाउएनबुर्ग’, म्हणजे लाउएनबुर्गचे ड्यूकराज्य, असेच आहे, आणि त्याचा कारभार निवडून आलेली जिल्हा परिषद पाहते. जुने नाव जपायला मुकुट लागत नाही, हे त्या जिल्ह्याने दाखवून दिले आहे.

राहिली युलिउस फ्रान्झची धाकटी मुलगी, सिबिल्ला आउगुस्टा. जन्म १६७५, राट्झेबुर्गचा. वडिलांच्या माघारी चौदा वर्षांची ही कॅथलिक मुलगी पित्याच्या राज्याला मुकली. १६९० मध्ये बाडेन-बाडेनच्या लुडविग विल्हेल्मशी तिचा विवाह झाला. त्याचा मुलूख फ्रेंच सैन्याने नुकताच जाळला होता. तिची बहुतेक मुले बालपणीच दगावली. १७०७ मध्ये पती वारला आणि अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्यशकट तिच्या हाती आला. वीस वर्षे तिने उजाड मुलूख सावरला, राश्टाट येथे राजवाड्यालगत देऊळ बांधले, आणि १७२७ साली मुलाच्या स्वाधीन राज्य करून ती बाजूला झाली.

१७३३ मध्ये तिला त्याच देवळात पुरण्यात आले, तेही वेदीजवळ नव्हे, तर प्रवेशद्वाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली. फरशीवर ना पदवी, ना घराण्याची थोरवी. केवळ एवढीच विनंती, की आउगुस्टा या महापापिणीसाठी प्रार्थना करा.

ज्याच्यापाशी कोणताही वारसा नव्हता, त्याने विटेनबर्गला मुकुट चढविला. जिचा वारसा खरा होता, तिने मरतेसमयी तो उंबरठ्यावर उतरवून ठेवला. आपल्या वाडवडिलांचे आपण काय लागतो, हे सनदेवरून ठरत नाही. त्यांनी आपल्या हाती सोपविलेल्या माणसांचे आपण काय केले, यावरून ते ठरते.