दिनविशेष : १२ मार्च
जनरल मुसा खान हजारा यांचे निधन (१९९१)

पाकिस्तानचे माजी लष्करप्रमुख मुसा खान १९९१ साली आजच्या दिवशी निवर्तले, तेव्हा ते बलुचिस्तानचे राज्यपाल होते. त्यांचे दफन इराणमधील मशहद येथे, शियांच्या पवित्र तीर्थक्षेत्री झाले.

जन्म १९०८ चा, क्वेट्टा येथे, हजारा टोळीच्या सरदार घराण्यातला. हजारा मूळचे मध्य अफगाणिस्तानच्या डोंगराळ भागातले. काबूलचा अमीर अब्दुर रहमान याने १८९० च्या दशकात त्यांचे बंड निर्दयपणे चिरडले. हजारोंची कत्तल झाली, कित्येक गुलाम म्हणून विकले गेले. जीव वाचवून निघालेल्यांपैकी बरेच जण क्वेट्ट्यात स्थिरावले. त्यांच्यातूनच ब्रिटिशांनी १९०४ मध्ये ‘हजारा पायोनिअर्स’ ही पलटण उभारली. खांद्यावर बंदूक आणि हातात कुदळ-फावडे, म्हणजे लढायचेही आणि रस्तेही बांधायचे. निर्वासितांच्या या जमातीला इभ्रत परत मिळवून दिली ती याच पलटणीने. १९३३ मध्ये मात्र ती मोडण्यात आली.

सरदार घराण्यातले असूनही मुसा याच पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले. पुढे डेहराडूनच्या लष्करी अकादमीच्या १९३२ च्या पहिल्याच तुकडीत त्यांची निवड झाली. त्या तुकडीत सॅम माणेकशा त्यांचे सहाध्यायी होते. १९५८ ते १९६६ या काळात मुसा पाकिस्तानचे लष्करप्रमुख होते. १९६५ च्या युद्धात भारतीय सेनेसमोर उभ्या ठाकलेल्या फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते.