गोंडवन : प्रांत आणि राजचिन्ह

गोंडवन (गोंडवाना) हा मध्य भारतातला जुना प्रांत. नर्मदेच्या खोऱ्यापासून गोदावरीपर्यंत पसरलेला हा मुलूख आज मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड आणि तेलंगणात वाटला गेला आहे. गोंदिया जिल्हा त्याच्या मधोमध येतो. एका राजाचे एकसंध गोंडवन मात्र कधीच नव्हते. गढा-मंडला, खेरला, देवगड आणि चांदा (आजचे चंद्रपूर) अशी चार घराणी वेगवेगळ्या काळात राज्य करत होती.

गढ्याच्या संग्रामशाहाने 16व्या शतकात 52 गढ मिळवले, असे परंपरा सांगते. त्याची सून राणी दुर्गावती 1564 मध्ये मोगलांशी लढताना पडली. देवगडच्या बख्त बुलंदशाहाने 18व्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवले. पुढे मराठा सरदार रघूजी भोसल्यांनी देवगड गिळले, 1751 मध्ये चांदाही घेतला. आजच्या गोंदिया परिसराचा कारभार तेव्हा लांजीच्या किल्ल्यातून चाले. लांजी आता बालाघाट जिल्ह्यात आहे. गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल 1818 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि जमीनदारी गमावून बसला.

राजे गेले, चिन्ह मात्र राहिले. चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर हत्तीवर झेपावलेला सिंह कोरलेला आहे आणि या सिंहाला चक्क सुळे आहेत. हीच गोंड राजांची मुद्रा मानली जाते. संग्रामशाहाच्या नाण्यांवरही सिंह असून सोबत ‘पुलस्त्यवंश’ असा उल्लेख येतो. पुलस्त्य म्हणजे रावणाचा आजोबा. वंश सांगताना सूर्य-चंद्राकडे न वळणारा हा राजा वेगळाच म्हणायचा. तरीही हत्तीवर सिंह दिसला की किल्ला गोंडांचाच, हा हल्लीचा उत्साही निष्कर्ष टिकणारा नाही. पायाखाली हत्ती घेतलेले शरभ (सिंहासारखे कल्पित प्राणी) सह्याद्रीतल्या मराठ्यांच्या किल्ल्यांवरही आहेत.

प्रांत संपला तरी चिन्ह टिकते, हे इतरत्रही दिसते. स्वीडनमध्ये 1560 साली गुस्ताव वासा राजाच्या अंत्ययात्रेत प्रांतोप्रांतीचे ध्वज मिरवले गेले आणि तेव्हापासून प्रत्येक प्रांताचे चिन्ह रूढ झाले. 1634 मध्ये तिथले प्रांत कारभारातून बाद झाले, चिन्हे आजही चालतात. राजे गेल्यावर गोंडवनाच्या चिन्हाला असा दरबारी आश्रय कोणी दिला नाही. ते लोकांनीच सांभाळले.

सामान्य गोंडांची ओळख राजमुद्रेपेक्षा देवसंख्येवर आणि कुळाच्या झाडा-प्राण्यावर ठरते. चार, पाच, सहा, सात देवांचे गट असतात आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. मरकाम कुळाचा आंबा, टेकामांचा साग, इरपाचींचा मोह. कुळाच्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, हा जुना दंडक.

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले कचारगड हे या परंपरेचे आजचे मोठे पीठ. गोंडांचा आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो याने कोंडलेल्या बालकांना इथल्या गुहेतून सोडवले, अशी गोंडी कथा आहे. 1980च्या दशकात गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या यात्रेला नवे रूप दिले. कंगालींचे मूळ नाव मोतीराम. त्यातला राम काढून त्यांनी रावण घातला, म्हणजे संग्रामशाहाच्याच वाटेने गेले. यात्रेत सतरंगी झेंडे लागतात, आणि वेशीवरचा तो सिंह आता कापडावर छापलेला दिसतो.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. कचारगडची यात्रा माघ पौर्णिमेला भरते. गोंदिया–डोंगरगड लोहमार्गावरचे दरेकसा हे तिथले जवळचे स्थानक.