४. उत्तर मुंबईची ‘दुहेरी जागा’

मुंबई शहर (उत्तर) हा लोकसभेचा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (१९५१-५२) देशात असे ८६ मतदारसंघ होते. त्यांतून प्रत्येकी दोन खासदार निवडले जात. येथे एक जागा सर्वसाधारण, तर दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. उमेदवारागणिक वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतपत्रिकेवर शिक्का न मारता ती हव्या त्या पेटीत टाकायची.

राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. सर्वसाधारण जागा काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी जिंकली. समाजवादी अशोक मेहता आणि कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे पराभूत झाले. फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. बाद मतांचा प्रश्न उपस्थित करून आंबेडकर व मेहता यांनी केलेली निवडणूक याचिका फेटाळली गेली.

हा निकाल केवळ दलित मतदारांनी दिलेला कौल समजू नये. राखीव जागेसाठीही मतदारसंघातील सर्व मतदार मत देत.  आंबेडकर १९५२ मध्येच राज्यसभेवर गेले. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. — संपादक