पाण्यावरून वाहणारे पाणी

हरिद्वारहून रुडकीकडे निघालेल्या गंगा कालव्यावर राणीपूर येथे पावसाळ्यात एक विलक्षण दृश्य दिसते. खाली कालवा वाहत असतो आणि त्याच्या डोक्यावरून शिवालिक टेकड्यांतून उतरलेला ओढा.

१८३७-३८ च्या दुष्काळात गंगा-यमुनेच्या दुआबात अंदाजे ८ लाख माणसे दगावली. त्यानंतर प्रोबी कॉटली या अभियंत्याने गंगेचे पाणी दुआबात नेण्याची योजना मांडली. खरी अडचण पहिल्या तीसेक किलोमीटरमध्येच होती. उत्तरेकडून येणारे चार डोंगरी प्रवाह कालव्याची वाट आडवी छेदत होते. वर्षातील बहुतेक काळ त्यांच्या पात्रांत केवळ वाळू असे. मात्र पावसाळ्यात काही तासांत प्रचंड पूर येई.

प्रत्येक ठिकाणचा उपाय पातळीने ठरवला. राणीपूर आणि पथरी या ओढ्यांची पात्रे कालव्याहून उंच होती, म्हणून त्यांना रुंद दगडविटांच्या पन्हळींतून कालव्यावरून नेले. रतमऊचे पात्र कालव्याच्याच पातळीवर होते. धनौरी येथे त्याचे पाणी कालव्यात येऊ दिले आणि समोरच्या बाजूच्या दरवाजांतून बाहेर सोडले. सोलानी नदी खोल होती. रुडकीजवळ प्रत्येकी ५० फूट गाळ्याच्या १५ कमानींवरून कालवाच तिच्यावरून नेण्यात आला. या जलसेतूची माती वाहण्यासाठी १८५१ मध्ये येथे वाफेचे इंजिन धावले. मुंबई-ठाणे प्रवासी गाडी सुरू होण्यास तेव्हा अजून अवकाश होता. अभियंत्यांची गरज भागवण्यासाठी १८४७ मध्ये रुडकीत निघालेले महाविद्यालय म्हणजेच आजची आयआयटी रुडकी.

८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडले गेले. चारही ओलांडण्या टिकल्या. चूक निघाली ती उतारात. वेग काढण्याची तत्कालीन सूत्रे लहान वाहिन्यांवरील प्रयोगांतून आलेली होती. एवढ्या मोठ्या प्रवाहात ती अपुरी पडली. पाणी अपेक्षेहून वेगाने धावले, तळ खरवडला गेला आणि पुढे कालव्यात दुरुस्त्या कराव्या लागल्या.

उंची मोजता येत होती, म्हणून चार ओढ्यांचे कोडे सुटले. पाणी आणि तळ यांच्यातील घर्षणाचे गणित मात्र तोवर पुरते उमगलेले नव्हते, आणि ते कालव्यानेच शिकवले. दुष्काळग्रस्तांना त्या ज्ञानाची वाट पाहणे परवडणारे नव्हते. म्हणूनच हा कालवा अपुऱ्या ज्ञानावर बांधला गेला, आणि चुका दुरुस्त करीत आजही शेते भिजवतो आहे.