वैमानिकांचा न संपणारा करार

गुढीपाडवा जवळ आला की विदर्भ-मराठवाड्यातल्या खेड्यांत सालगड्यांची बोलणी सुरू होतात. गेले साल सरले. आता नव्या सालाला रोख किती, धान्य किती, कपडालत्ता काय, हे मालक आणि गडी समोरासमोर बसून ठरवतात. जमले तर त्याच घरी नवे साल सुरू. नाही जमले तर रामराम करून गडी दुसरे घर बघायला मोकळा. मालकाला पेरणीची काळजी, गड्याला पोटाची. पाडव्याचा दिवस दोघांनाही बांधून टाकतो, म्हणून बोलणे फार लांबत नाही.

आता समजा, सरकारने असा कायदा केला की पाडवा उलटला तरी नवे बोलणे जमेपर्यंत जुनेच साल चालू राहील. मजुरी जुनीच राहील. गड्याने काम टाकून बसायचे नाही, मालकाने ठरलेल्यात काटछाट करायची नाही. बोलणे किती दिवस चालावे याला मात्र मर्यादा नाही. एक वर्ष लागो, चार लागोत. आणि गडी कंटाळून शेजारच्या मळ्यात गेलाच, तर वीस वर्षांचा अनुभव असूनही तिथे त्याला पोरसवदा गड्याच्या मजुरीवर सुरुवात करावी लागेल. असे झाले तर काय होईल, सांगा बरे?

अमेरिकेतल्या विमान कंपन्यांचे वैमानिक १९३६ सालापासून थोड्याफार फरकाने अशाच व्यवस्थेत काम करीत आले आहेत. आणि गंमत अशी की हा कायदा त्यांच्यावर कोणी लादला नव्हता. तो त्यांनी मागून घेतला होता. तो का मागितला आणि पुढे त्याचाच जाच का वाटू लागला, ही आजच्या भाषणाची गोष्ट.

१९१८ साली अमेरिकेत विमानाने टपाल जाऊ लागले. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपालाचे विमान आणले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्याच्या चौदा वर्षे आधीची ही हकीगत. त्या वेळची विमाने म्हणजे उघड्या बैठकीची, लाकडाची आणि कापडाची. हवामानाचा धड अंदाज नाही. टपाल खात्याचा आग्रह असा की पाऊस असो, धुके असो, विमान वेळेवर सुटलेच पाहिजे. अनेक तरुण वैमानिक अशा उड्डाणांत प्राणाला मुकले. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळ दाट धुक्यात उडायला दोन वैमानिकांनी नकार दिला. खात्याने त्यांना कामावरून काढले, तसे त्यांचे सोबती संपावर गेले. थोड्याच दिवसांत तोड निघाली. हवेबद्दल वाद पडला तर मैदानावरच्या व्यवस्थापकानेही विमानात बसून वर जावे आणि हवा डोळ्यांनी पाहावी, अशा धर्तीची ती तोड होती. जमिनीवर बसून हुकूम सोडणे सोपे असते, तेवढे तरी त्यातून मान्य झाले.

ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की वैमानिकांचे पहिले भांडण पैशाचे नव्हते, धुक्याचे होते.

पुढे खाजगी कंपन्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली. विमाने दिवसेंदिवस वेगवान होत होती. वैमानिकाला पैसे मैलावर द्यायचे की तासावर, हा नवा तंटा उभा राहिला. मैलावर दिले तर वेगाचा लाभ वैमानिकाला, तासावर दिले तर कंपनीला. १९३१ साली शिकागो येथे डेव्हिड बेन्की या वैमानिकाच्या पुढाकाराने वैमानिकांची संघटना स्थापन झाली. सुरुवातीला सभासदांची नावे गुप्त ठेवावी लागत, कारण नाव फुटले की नोकरी गेलीच. वेळापत्रक पाळू, पण सुरक्षितता सांभाळून पाळू, अशा अर्थाचे ब्रीदवाक्य त्यांनी घेतले.

१९३२ साली शिकागोच्या एका विमान कंपनीचा मालक ई. एल. कॉर्ड याने वैमानिकांच्या पगारात मोठी कपात जाहीर केली आणि ती न मानणाऱ्यांना दारे बंद केली. बेकार वैमानिक रग्गड होते, त्यामुळे माणसे मिळण्याची त्याला चिंता नव्हती. तेव्हा अमेरिकी संसदेत फिओरेलो ला गार्डिया याने वैमानिकांची बाजू उचलून धरली. पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला हा गृहस्थ पहिल्या महायुद्धात स्वतः विमान चालवीत असे. मूठभर वैमानिकांना या झगड्यातून एक धडा मिळाला. आपण संख्येने थोडे आहोत. नुसत्या संपाच्या बळावर आपला निभाव लागणार नाही. आपल्याला कायद्याचे छत्र हवे.

ते छत्र हळूहळू मिळाले. मे १९३४ मध्ये सरकारी कामगार मंडळाने निर्णय दिला आणि वैमानिकाच्या उड्डाणाला महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. मग बेन्कीने रेल्वेच्या कायद्याकडे लक्ष वळवले. १९२२ च्या मोठ्या रेल्वे संपाने अमेरिका हैराण झाली होती. पुन्हा तसे होऊ नये म्हणून १९२६ साली रेल्वे कंपन्या आणि कामगार संघ यांच्या संमतीने एक कायदा झाला होता. गाड्या चालू राहाव्यात आणि तंटे बोलून मिटावेत, हा त्याचा हेतू. वैमानिकांनी खटपट केली आणि १० एप्रिल १९३६ रोजी हा रेल्वेचा कायदा विमान कंपन्यांनाही लागू झाला. त्याखाली वैमानिकांचा पहिला करार अमेरिकन एअरलाइन्सशी झाला, तो १९३९ साली. म्हणजे छत्र मिळाल्यावरही पहिल्या करारासाठी तीन वर्षे थांबावे लागले. शकुन म्हणा हवे तर!

या कायद्याची चाल कशी आहे, ती पायरीपायरीने पाहू. करारावर तारीख असते, पण त्या तारखेला करार संपत नाही. त्या दिवसापासून तो बदलता येतो, इतकेच. दोन्ही पक्ष आधी आपसात बोलतात. जमले नाही तर राष्ट्रीय मध्यस्थ मंडळाकडे जातात. हे तीन सदस्यांचे मंडळ. मंडळ बैठका घेते, लांबवते, पुढे ढकलते. त्याला मुदत नाही. आता बोलण्यात अर्थ उरला नाही, असे जोवर मंडळालाच वाटत नाही, तोवर कोणाची सुटका नाही. मंडळाला तसे वाटले की ते लवाद सुचवते. तो कोणी नाकारला तर तीस दिवसांचा शांततेचा काळ सुरू होतो. त्यानंतरच संपाची वाट मोकळी होते. तेवढ्यातही देशाच्या दळणवळणाला मोठा धोका दिसला तर राष्ट्राध्यक्ष चौकशी मंडळ नेमतात आणि संप आणखी पुढे जातो. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप सुरू केला आणि अवघ्या काही मिनिटांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी असे मंडळ नेमून तो थांबवला.

आता न्यायाने बोलायचे तर या कायद्याने प्रवाशांचे भले केले आहे. अमेरिका मोठा देश. दूरच्या लहान गावाला येणारे विमान बंद पडले तर तिथला रोगी मोठ्या इस्पितळात पोचायचा कसा? संपाचा मार सगळ्यांत आधी अशा तिऱ्हाइताला बसतो. वैमानिकांनाही संप स्वस्त पडत नाही. २००१ साली कोमएअर या कंपनीच्या वैमानिकांचा संप ८९ दिवस चालला. ईस्टर्न या जुन्या, नामांकित कंपनीत मार्च १९८९ मध्ये यांत्रिक कामगार संपावर गेले, वैमानिकांनी त्यांना साथ दिली, आणि जानेवारी १९९१ मध्ये ती कंपनीच कायमची बंद पडली. तेव्हा संपाला कडी-कोयंडा लावला यात सर्वस्वी वाईट काही नाही.

पण कडी लावताना घड्याळ लावायचे राहिले, ही वैमानिकांची तक्रार आहे. आणि तिच्यात तथ्य आहे. कसे ते पाहा.

वैमानिकाची नोकरी ज्येष्ठतेच्या यादीवर चालते. यादीत वर असेल त्याला मोठे विमान, जास्त पगार, सणावाराला घरी राहण्याची मुभा. कंपनी बदलली की यादीत सगळ्यांत खाली नाव लागते आणि श्रीगणेशापासून सुरुवात होते. दुसरे असे की वयाची पासष्ट वर्षे पुरी झाली की अमेरिकेतल्या विमान कंपनीत वैमानिकाला उडता येत नाही. साठीच्या वैमानिकाची बोलणी चार वर्षे लांबली तर त्याच्या वाट्याला नवा करार येतो जेमतेम वर्षभरासाठी. मागची थकबाकी मिळेलच याची हमी नसते. तिच्यासाठीही वेगळी घासाघीस करावी लागते. वेतन आयोगाच्या थकबाकीची वाट पाहिलेल्या आपल्या शिक्षक श्रोत्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

आणि याची दुसरी बाजूही आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमान कंपन्यांचा धंदा बसला. युनायटेड कंपनीने २००२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, डेल्टाने २००५ साली. दिवाळखोरीच्या न्यायालयात कामगारांचे करार मोडून मागता येतात. तो धाक डोक्यावर असला की बोलणी भराभर उरकतात. डेल्टाच्या वैमानिकांनी तर न्यायालयाची पायरी चढण्याआधीच, २००४ च्या अखेरीस, पगारात ३२.५ टक्के कपात मान्य केली. पुढे २००६ साली आणखी कपात सोसली. युनायटेडच्या वैमानिकांचे ठरलेले निवृत्तिवेतन २००५ साली मोडीत निघाले. गेलेले परत मिळवायची वेळ आली तेव्हा मात्र कायद्याच्या त्याच सावकाश पायऱ्या समोर उभ्या राहिल्या. ओहोटी तासात, भरतीला मात्र वर्षे, असा हा समुद्र!

चीड साठली की ती कुठून तरी बाहेर पडतेच. २००० सालच्या उन्हाळ्यात युनायटेडचे वैमानिक जादा काम घेईनात, तेव्हा हजारो उड्डाणे रद्द झाली. १९९९ साली अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक आजारी असल्याचे कळवून घरी बसू लागले. न्यायालयाने कामावर परतण्याचा हुकूम दिला, तो वेळेवर पाळला नाही म्हणून त्यांच्या संघटनेला साडेचार कोटी डॉलरहून अधिक दंड झाला. उघड संपाला वाट नाही म्हणून आडवाट धरावी, तर तिथेही शिक्षा. मग उरते काय? गणवेश घालून, हातात फलक धरून, सुट्टीच्या दिवशी विमानतळाबाहेर शिस्तीत उभे राहणे. २०२२ साली अमेरिकेच्या अनेक विमानतळांवर हे दृश्य दिसले.

त्या वेळी डेल्टाचा करार बदलण्याजोगा होऊन तीन वर्षे होत आली होती, कारण त्याची तारीख होती डिसेंबर २०१९ अखेरची. मध्ये कोविडची साथ आली आणि बोलणी थबकली हे खरे. पण साथ ओसरल्यावर विमाने भरून जाऊ लागली, तरी कागद पुढे सरकेना. युनायटेडच्या वैमानिकांपुढे एक मसुदा आला, तो त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ९४ टक्के मतांनी फेटाळला. साउथवेस्टच्या वैमानिकांचे गाऱ्हाणे पगाराइतकेच कामाच्या वाटणीबद्दल होते. कोण कुठे आहे, कोणाला कुठे पाठवायचे, याचा हिशेब ठेवणारी कंपनीची यंत्रणा जुनी झाली आहे, असे त्यांची संघटना बरीच वर्षे सांगत होती. डिसेंबर २०२२ मध्ये बर्फाचे वादळ आले. इतर कंपन्या सावरल्या. साउथवेस्टची मात्र जवळजवळ १७ हजार उड्डाणे रद्द झाली. वैमानिक हजर, विमान हजर, पण दोघांची गाठ घालून देणारी यंत्रणा कोलमडली. ऐन नाताळात लाखो प्रवासी अडकले. १९१९ च्या धुक्याची इथे आठवण होते. वर उडणारा माणूस काही सांगत असतो आणि खाली बसलेल्याला ते मागणीपत्रातले एक कलम वाटते.

शेवटी करार झाले. डेल्टाचा मार्च २०२३ मध्ये, चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढीचा. युनायटेडचा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. साउथवेस्टचा जानेवारी २०२४ मध्ये, पाच वर्षांत जवळजवळ ५० टक्के वाढीचा. त्याची तारीख होती सप्टेंबर २०२०. आकडे डोळे दिपवणारे आहेत. वैमानिक गरीब नव्हेत, त्यांचा पगार सामान्य अमेरिकी कामगाराच्या कितीतरी पट आहे, हेही लपवायचे कारण नाही. पण म्हणून प्रश्न मिटत नाही. धनवंताला न्याय उशिरा मिळाला तरी चालेल, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? आणि हाच कायदा विमानातल्या सेविकेला, सामान चढवणाऱ्या हमालालाही लागू आहे. त्यांच्या घरी चार वर्षे जुन्या पगारावर संसार चालवणे म्हणजे काय, याचा विचार करावा.

श्रोतेहो, बेन्कीने छत्र मागितले ते योग्यच होते. मूठभरांना बलवंतापुढे कायद्याचाच आधार असतो. पण जो कायदा दोघांनाही थांबा म्हणतो, तो दोघांना सारखाच थांबवतो असे नाही. जुना भाव ज्याच्या सोयीचा, त्याला थांबणे गोड लागते. ज्याचे वय आणि महागाई दोन्ही वाढत असतात, त्याला ते कडू लागते. आपल्या पाडव्याच्या बोलण्यातही कोणी अडलेला असतो, कोणी आडमुठा असतो. पण निदान दिवस ठरलेला असतो. उद्या सूर्य उगवेल तेव्हा हो किंवा नाही सांगावेच लागेल, ही जाणीव दोघांच्या मनात असते. समेटाच्या कायद्यात हा एक पाडवा असायला हवा. तो नसेल तर बोलणी चालूच राहतात, आणि माणसे मात्र निवृत्त होतात.