झाकलेल्या नावांचा शोध

कुमारवयीन वाचकांसाठी इंग्रजीत ऐतिहासिक रहस्यकथा निघतात, आणि त्यांत खऱ्याखुऱ्या लेखक-लेखिकाच पात्रे होऊन येतात. जॉर्डन स्ट्रॅटफर्ड यांच्या २०१५ साली निघालेल्या अशाच एका पुस्तकात १८२६ सालच्या लंडनमध्ये ११ वर्षांची एडा आणि १४ वर्षांची मेरी मिळून गुन्ह्यांचा छडा लावतात. इतिहास पाहू जाता एडाचा जन्म १८१५ चा, तर मेरीचा १७९७ चा. त्या साली मेरी शेली ही पदरी एक मुलगा असलेली विधवा होती. लेखकाने ही मोडतोड लपविलेली नाही, म्हणून मी त्याला दोष देत नाही.

मला वाटते, खरे रहस्य निराळेच आहे. मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ साली निनावी छापली गेली, आणि सर वॉल्टर स्कॉटसारख्या जाणत्यानेही ती तिच्या पतीचीच मानली. एडा लव्हलेसने बॅबेजच्या गणनयंत्रावरील फ्रेंच लेखाचा अनुवाद १८४३ साली प्रसिद्ध केला. त्याला जोडलेल्या तिच्या टिपा मूळ लेखाहून कितीतरी मोठ्या. पण त्यांखाली नुसती आद्याक्षरे! नाव झाकले की कर्तृत्व दुसऱ्याच्या खाती जमा होते.

भगिनींनो, मुलींना ही पुस्तके अवश्य द्यावीत. मात्र सोबत खरी सालेही सांगावीत. आणि आपल्या मंडळाच्या कार्यवृत्तांतात ‘एक भगिनी’ असे न लिहिता जिचे काम तिचे पूर्ण नाव लिहावे. पुढच्या पिढीला आपला तरी छडा लावावा लागू नये!